एकशे सोळा प्रश्नांचा माणूस
(रॉबर्ट सेशन्स वुडवर्थ : १८६९–१९६२)

गेल्या वर्षी आमच्या मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात समायोजनाची एक प्रश्नावली होती. प्रत्येकाने आधी स्वतःच प्रयुक्त व्हायचे, उत्तरपत्रिका भरायची, गुण मोजायचे आणि जर्नलमध्ये निष्कर्ष लिहायचा, असा नेम होता. ते दिवस माझ्या दृष्टीने बरे नव्हते. घरी वडिलांचे आजारपण चालू होते, रात्र रात्र झोप लागत नसे, पुस्तक उघडले की तासभर एकाच पानावर नजर खिळून राही. प्रश्नावली नेमकी ह्याच गोष्टी विचारीत होती. पण शेजारच्या बाकावर मित्र बसला होता, जर्नल पुढे चारचौघांच्या हातून फिरणार होते आणि उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर माझे नाव व रोल नंबर होता. मी एकामागून एक नाही, नाही, नाही अशा खुणा करीत गेलो. गुण मोजले तेव्हा वर्गातला सर्वांत सुदृढ मनाचा विद्यार्थी मीच ठरलो!

त्या दिवशी हसू आले आणि लाजही वाटली. मग एक प्रश्न मनात घोळू लागला. माणसाच्या मनाचे दुखणे कागदावर छापील प्रश्न विचारून कळू शकेल, ही कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली असेल? आणि असा कागद खोटे बोलणाऱ्यापुढे हतबल ठरतो, हे त्याच्या लक्षात आले नसेल काय? शोधता शोधता मी आमच्या ग्रंथालयातील मागच्या कपाटापर्यंत पोहोचलो. तिथे निळ्या कापडाची नवी पाठ लावलेले एक जाडजूड पुस्तक होते. वुडवर्थ आणि मार्क्विस यांचे मानसशास्त्र. आपल्याकडच्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचलेले हे पाठ्यपुस्तक. परीक्षेपुरते माहीत असलेले वुडवर्थ हे नाव त्या दिवसापासून माझ्या दृष्टीने एका माणसाचे नाव झाले. त्या माणसाची ही ओळख.

रॉबर्ट सेशन्स वुडवर्थ यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बेल्चरटाउन ह्या लहानशा गावी झाला. वडील धर्मोपदेशक, शिस्तीचे. आई शिकलेली, शिक्षिकेचे काम केलेली. मुलाने वडिलांचाच मार्ग धरावा अशी घरची अपेक्षा होती आणि त्या विचारानेच ते ॲमहर्स्ट कॉलेजात दाखल झाले. शेवटच्या वर्षी तिथे चार्ल्स गार्मन नावाच्या प्राध्यापकांचा मानसशास्त्राचा अभ्यासक्रम त्यांनी घेतला आणि धर्मपीठाची वाट हळूहळू मागे पडली. १८९१ मध्ये पदवी मिळाली तरी पुढे काय, हे ठरत नव्हते. दोन वर्षे त्यांनी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले, पुढची दोन वर्षे कॅन्सस राज्यातील वॉशबर्न कॉलेजात गणित शिकवले. पदवीनंतर काय करावे ह्या विचाराने आपल्यापैकी जे रात्री तळमळत असतील त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की ज्याला पुढे प्रायोगिक मानसशास्त्राचा आधारस्तंभ मानले गेले तो माणूस वयाच्या पंचविशीपर्यंत गणिताचे तास घेत होता.

ह्या काळात दोन गोष्टींनी त्यांच्या आयुष्याला वळण दिले. स्टॅन्ली हॉल यांचे एक व्याख्यान त्यांच्या कानी पडले आणि विल्यम जेम्स यांचा मानसशास्त्रावरील मोठा ग्रंथ त्यांच्या हाती आला. हॉल यांच्या व्याख्यानाचा परिणाम असा झाला, की वुडवर्थ यांनी एका कार्डावर संशोधन एवढा एकच शब्द लिहिला आणि ते आपल्या टेबलावर टांगून ठेवले. १८९५ मध्ये ते हार्वर्डला गेले, साक्षात जेम्स यांच्याजवळ शिकले. एडवर्ड थॉर्नडाइक आणि पुढे शरीरशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती पावलेले वॉल्टर कॅनन हे दोन आयुष्यभराचे मित्र त्यांना तिथेच लाभले. तिथून ते कोलंबिया विद्यापीठात जेम्स मॅककीन कॅटेल यांच्याकडे आले आणि १८९९ मध्ये ऐच्छिक हालचालींच्या अचूकतेवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे १९०२ साली इंग्लंडात लिव्हरपूल येथे चार्ल्स शेरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. शेरिंग्टन यांना पुढे १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वुडवर्थ मात्र १९०३ मध्ये कोलंबियाला परतले ते कायमचेच. त्याच वर्षी नॉर्वेच्या गॅब्रिएल श्योथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्यांच्या कामाची दोन उदाहरणे मला मुद्दाम सांगावीशी वाटतात, कारण त्यांतून त्यांचा स्वभाव दिसतो. १९०१ मध्ये त्यांनी थॉर्नडाइक यांच्याबरोबर अध्ययनाच्या संक्रमणावर प्रयोग केले. लॅटिन किंवा भूमिती शिकल्याने एकूण बुद्धीलाच धार येते, असा त्या काळी समज होता. ह्या दोघांनी दाखवून दिले, की एका कामातला सराव दुसऱ्या कामात फारच थोडा उपयोगी पडतो, आणि तोही दोन्ही कामांत काही समान घटक असतील तेवढाच. दुसरे उदाहरण १९०४ मधील सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनाचे. तिथे जगाच्या कानाकोपऱ्यांतून आणलेल्या लोकांना अक्षरशः मांडून ठेवले होते. वुडवर्थ यांनी सुमारे अकराशे लोकांची दृष्टी, श्रवण आणि साध्या बौद्धिक कामांतील गती मोजली. गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा डंका वाजत असलेला तो काळ. पण १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी बजावले, की दोन समूहांच्या सरासरीतील फरक लहान आहेत, एकाच समूहातील माणसामाणसांमधले फरक मोठे आहेत, आणि समूहांचे गुण एकमेकांत एवढे मिसळलेले आहेत की वंशावरून बुद्धी ठरवणे धोक्याचे आहे. आकडे हाती असताना आकड्यांनी जेवढे सिद्ध होते तेवढेच म्हणायचे, हा त्यांचा बाणा होता.

आता मूळ विषयाकडे येतो.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि खंदकांमधून एक विचित्र आजार पुढे आला. अंगावर जखम नाही, पण सैनिक थरथर कापतो, वाचा जाते, डोळ्यांना दिसत नाही, रात्री किंचाळत उठतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिताना शेल शॉक हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला हादरा बसतो अशी आधी समजूत होती. पण ज्यांच्या आसपास गोळा पडलाच नाही असेही सैनिक तसेच कोलमडू लागले, तेव्हा दुखणे मनाचे आहे हे मान्य करणे भाग पडले. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली. लाखो तरुणांची भरती होणार होती. त्यांतले कोण अशा ताणाखाली मोडून पडण्याचा संभव आहे हे आधी कळले, तर त्या तरुणांचेही भले आणि सैन्याचेही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने हे काम वुडवर्थ यांच्यावर सोपवले. १९१४ मध्ये ते त्या संघटनेचे अध्यक्ष राहिलेले होते.

प्रयोगशाळेत वाढलेल्या ह्या माणसाने प्रथम प्रयोगांचाच विचार केला. अकस्मात धक्का दिला तर कोण किती दचकतो, हे मोजावे काय? पण तशा चाचण्यांचा भरवसा वाटेना आणि हजारो माणसांवर त्या करणेही अवघड होते. उलट, डॉक्टर काय करतो? तो रोग्याजवळ बसून त्याची हकिकत विचारतो. झोप कशी आहे, भूक कशी आहे, भीती वाटते का, लहानपण कसे गेले. पण एवढ्या मोठ्या सैन्याला पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ आणायचे कोठून? तेव्हा डॉक्टरांचे हे प्रश्नच कागदावर छापावेत, उत्तर होय किंवा नाही एवढेच मागावे आणि ज्याची उत्तरे काळजी करण्यासारखी येतील त्याला तेवढे डॉक्टरांकडे पाठवावे, असे त्यांनी ठरवले. ऐकायला किती सोपे वाटते! पण तोवर हे कोणी ह्या पद्धतीने केलेले नव्हते.

ते करताना त्यांनी जी पद्धत वापरली ती आपण आजही वर्गात शिकतो, फक्त तिच्यामागचा माणूस आपल्याला माहीत नसतो. मज्जाविकृतीच्या रुग्णांच्या हकिकतींतून आणि तज्ज्ञांच्या लेखनातून त्यांनी लक्षणे वेचली आणि एकेका लक्षणाचा एकेक साधा प्रश्न केला. मग हे प्रश्न त्यांनी निरोगी माणसांना विचारले. माझ्या मते वुडवर्थ यांची खरी बुद्धिमत्ता इथे दिसते. रोग्याला डोकेदुखी असते हे खरे, पण डोकेदुखी निम्म्या जगाला असते. तेव्हा तो प्रश्न रोगी ओळखायला काय कामाचा? त्यांनी नियम केला, की निरोगी लोकांपैकी २५ टक्क्यांहून अधिक जण ज्या प्रश्नाला दोषदर्शक उत्तर देतील तो प्रश्न यादीतून काढून टाकायचा. ह्या चाळणीतून शेवटी एकशे सोळा प्रश्न उरले. झोपेचे, घेरीचे, रक्त पाहून होणाऱ्या अस्वस्थतेचे, कोणी पाठलाग करीत असल्याच्या भासाचे, घरच्यांच्या व्यसनांचे, जीव नकोसा होण्याचे. ह्या पत्रकाला नाव दिले होते वैयक्तिक माहिती पत्रक. भरणाऱ्याने बिचकावे असा मनोविकाराचा कोणताही शब्द त्या नावात नव्हता.

विद्यार्थ्यांवर आणि सुमारे हजार नव्या सैनिकांवर पत्रकाची चाचणी झाली. परंतु ते प्रत्यक्ष भरतीच्या कामात रुजण्याआधीच ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध संपले. त्याच युद्धात अमेरिकन सैन्याच्या बुद्धिमापन चाचण्या सतरा लाखांवर लोकांना दिल्या गेल्या आणि त्यांचा गवगवा झाला. वुडवर्थ यांचे पत्रक मात्र ज्या कामासाठी जन्मले ते काम त्याच्या वाट्याला आलेच नाही. तरीही त्याचा वंश केवढा वाढला! मुलांसाठी त्याचे रूपांतर झाले. १९३० मध्ये थर्स्टन यांची, १९३१ मध्ये बर्नरॉयटर यांची आणि १९३४ मध्ये बेल यांची प्रश्नावली आली, आणि ह्या साऱ्यांच्या मुळाशी वुडवर्थ यांचे एकशे सोळा प्रश्न होते. गेल्या वर्षी मी ज्या पत्रिकेत खोटे लिहिले तीही ह्याच घराण्यातली.

खोटेपणाचे काय, हा माझा प्रश्न मात्र तसाच होता. वुडवर्थ यांच्या पत्रकाजवळ त्याचे उत्तर नव्हते. सैन्यात जायला उत्सुक असलेला तरुण लक्षणे लपवू शकत होता आणि घरी जाऊ इच्छिणारा ती वाढवून सांगू शकत होता. ह्या उणिवेवर उपाय शोधला तो मिनेसोटा विद्यापीठाच्या हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या साडेपाचशे विधानांच्या बहुविध शोधिकेत त्यांनी काही विधाने अशी पेरली, की किरकोळ मानवी दोषसुद्धा नाकारणारा मनुष्य त्यांत अलगद सापडावा. मी तिथे नक्की सापडलो असतो! शिवाय त्यांनी विधाने निवडली ती रुग्णांची उत्तरे आणि रुग्णालयात भेटीला येणाऱ्या नातेवाइकांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून. निरोगी माणूस काय म्हणतो ते आधी पाहावे, हा वुडवर्थ यांचाच धडा त्यांनी पुढे नेला.

ह्या विषयात आणखी एक गोष्ट मला गणिताने शिकवली. समजा, हजार तरुणांत वीस जण खरोखर आजारी आहेत. एखादी प्रश्नावली त्या वीसपैकी सोळांना पकडते, आणि निरोगी ९८० जणांपैकी दहा टक्क्यांवर, म्हणजे ९८ जणांवर, उगीच बोट ठेवते. एकूण ११४ जण बाजूला निघाले, त्यांत खरे आजारी फक्त सोळा! म्हणजे प्रश्नावली चांगली असूनही तिने निवडलेल्या प्रत्येक सात जणांपैकी सहा जण निरोगी. म्हणूनच गुण जास्त आले की माणूस वेडा, असे म्हणणे हा अडाणीपणा होय. गुण जास्त आले तर त्याच्याशी कोणी जाणत्याने बसून बोलावे, एवढाच त्याचा अर्थ. वुडवर्थ यांची योजना पहिल्या दिवसापासून हीच होती. कागदाने चाळायचे आणि निदान डॉक्टरने करायचे.

युद्धानंतर वुडवर्थ अध्यापनात आणि लेखनात रमले. १९१७ मध्ये युद्धकाळातील मतांमुळे कॅटेल यांना कोलंबियाने काढून टाकले होते; त्यानंतर विभागाचा भार वुडवर्थ यांच्यावर आला. वर्तनवादी लोक चेतक आणि प्रतिक्रिया ह्या दोनच शब्दांत सगळे मन बसवू पाहत होते, तेव्हा त्या दोहोंच्या मध्ये जिवंत प्राणी असतो आणि त्याच्या गरजा, प्रेरणा व पूर्वानुभव लक्षात घेतल्याशिवाय वर्तन कळत नाही, असे त्यांनी सौम्यपणे पण ठामपणे मांडले. ते कोणत्याही संप्रदायात सामील झाले नाहीत. त्यांचे पाठ्यपुस्तक १९२१ मध्ये निघाले आणि १९४७ ची पाचवी आवृत्ती मार्क्विस यांच्या साहाय्याने सिद्ध झाली. प्रायोगिक मानसशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ आधी कित्येक वर्षे चक्रमुद्रित टिपणांच्या रूपात विद्यार्थ्यांमध्ये फिरत होता; तो १९३८ मध्ये छापला गेला तेव्हा लोक त्याला कोलंबियाचे बायबल म्हणू लागले.

एवढा मोठा ग्रंथकार वर्गात मात्र फर्डा वक्ता नव्हता. त्यांचे विद्यार्थी गार्डनर मर्फी यांनी नोंदवलेल्या आठवणीनुसार चुरगळलेला सूट आणि सैनिकी बूट अशा वेशात ते वर्गात येत, पुटपुटत आणि फळ्यावर असा एखादा शब्द लिहीत की तो विद्यार्थ्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहून जाई. निवृत्तीनंतरही त्यांनी शिकवणे सोडले नाही. १९५६ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल फाउंडेशनचे पहिले सुवर्णपदक त्यांना मिळाले. शेवटचे पुस्तक १९५८ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी प्रसिद्ध झाले. ४ जुलै १९६२ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागून कल्पना पुढे चालतच राहिली. १९७२ मध्ये लंडनच्या डेव्हिड गोल्डबर्ग यांनी सामान्य आरोग्य प्रश्नावली तयार केली आणि ती डॉक्टरांच्या सविस्तर मुलाखतींशी ताडून पाहिली. २००१ मध्ये नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आली. आपल्या शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांवर अशा पाच प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही प्रश्नावल्या उपयोगी ठरल्या, पण त्यांनी वेगळे काढलेल्यांमध्ये निरोगी माणसेही बरीच होती. वरचे गणित तिथेही चुकले नाही.

ह्या वर्षी प्रकल्पासाठी मी अशाच काही प्रश्नांचे मराठीकरण करून पाहिले आणि दिवाळीच्या सुट्टीत आत्याला ते विचारले. ती तांदूळ निवडीत बसली होती. तुम्हाला नैराश्य येते का, ह्या माझ्या प्रश्नाला तिने मान न उचलता नाही म्हटले. उदास वाटते का? नाही. मग मी छापील शब्द बाजूला ठेवले आणि विचारले, की कशात मन लागत नाही असे कधी होते का गं? तिचा हात सुपातच थांबला. मामंजी गेल्यापासूनची दोन वर्षे ती त्यानंतर तासभर सांगत होती. प्रश्नावलीची सप्रमाणता हा शब्द मी पाठ केला होता. तो मला कळला त्या दुपारी. प्रश्न रोग्याच्या भाषेत नसेल तर त्याचे नाही हे उत्तर खोटे नसते, आपलाच प्रश्न चुकलेला असतो.

आता माझ्या त्या सुदृढ मनाच्या गुणांचे काय झाले ते सांगून लेख संपवतो. जर्नल तपासून झाल्यावर आमच्या सरांनी मला मागे थांबायला सांगितले. माझ्या गुणांविषयी ते एक अक्षरही बोलले नाहीत. वडिलांची तब्येत कशी आहे आणि तू जेवतोस ना वेळेवर, एवढेच त्यांनी विचारले. मी अर्धा तास बोलत होतो आणि बोलता बोलता माझे डोळे भरून आले. त्यांच्याच सांगण्यावरून मी पुढे डॉक्टरांना भेटलो आणि हळूहळू झोप परत आली.

वुडवर्थ यांना डॉक्टर पुरत नव्हते म्हणून त्यांनी कागदाला प्रश्न विचारायला शिकवले. तो कागद माझ्याकडून फसला, पण त्याच्या पलीकडे विचारणारा माणूस होता म्हणून मी वाचलो. पुढे कधी माझ्या हातून कोणाची उत्तरपत्रिका तपासली जाईल तेव्हा सगळीकडे नाही लिहिणाऱ्या मुलाला मी मागे थांबवून घेईन, एवढे मात्र ह्या चरित्राने माझ्यापुरते ठरवून दिले आहे.

तृतीय वर्ष कला (मानसशास्त्र)